फॅमिली राऊंड

"वहिनी, पाणी मागायचं आणि ती उठायच्या आत आपणच उठायचं. 'तुम्ही बसा हो, मी घेते' म्हणायचं. एकदा फ्रीज उघडला की निम्मं घर कळतं."

दादा पुढच्या सीटवर बसून, मागे न बघता मला हे शिकवत होते. गाडी माझा नवरा चालवत होता, जगदीश. मी मागे एकटी, मांडीवर तिळगुळाचा डबा, शेजारी वाणाची पिशवी.

"आणि बाथरूमला जाऊन यायचं," दादा म्हणाले. "आजारी माणसाचं घर बाथरूममध्ये लपत नाही. डोकेदुखीची गोळी मागितली की औषधाचा डबाही बाहेर येतो. आमची ही यात एकदम तरबेज होती. आता गुडघ्यांमुळे तिला जिने होत नाहीत."

"हो दादा," जगदीश माझ्या वतीने म्हणाला.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. दादा म्हणजे सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचे मालक. कंपनीचं नाव मी सांगत नाही, माझ्या तोंडाला चव राहत नाही. गेटवरच्या वॉचमनपासून प्लांट हेडपर्यंत सगळ्यांनी मालकांना दादा म्हणायचं, त्यांच्या बायकोला वहिनी, आणि कंपनीला चुकूनही कंपनी म्हणायचं नाही. परिवार म्हणायचं. जगदीश त्या परिवारात प्लांट हेड होता. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला दादांचा केक यायचा आणि त्याच रात्री जगदीशला प्लांटवर बोलावणंही यायचं.

या परिवारात माणूस घ्यायची पद्धत अशी. आधी कॉम्प्युटरवर परीक्षा. मग कामाची मुलाखत. मग एक मानसशास्त्रवाली बाई येऊन तासभर 'तुम्ही झाड असता तर कुठलं असता' असले प्रश्न विचारायची. आणि यातून जो तरेल त्याच्या घरी फॅमिली राऊंड. कागदोपत्री त्याला 'कल्चर फिट' म्हणत. दादा हे राऊंड शक्यतो संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत उरकत. या दिवसांत कुणीही कुणाच्या घरी तिळगूळ घेऊन जातं, त्यामुळे आलेल्या माणसाला कशाला आलात असं विचारता येत नाही. बरोबर परिवारातली एखादी बाई हवीच. बाई स्वयंपाकघरात शिरू शकते.

मी आजवर हे टाळत आले होते. कधी पाठदुखी, कधी माझ्या शिकवणीच्या मुलांची परीक्षा. त्या वर्षी दादांनी स्वतः फोन केला आणि जगदीश चार दिवस माझ्या मागे मागे फिरला. "वैजू, एकदाच. तुला काही करायचं नाहीये, नुसतं बसायचंय."

आम्ही चाललो होतो केदार खैरनारकडे. पस्तिशीतला मुलगा, मेंटेनन्समध्ये वाकबगार. त्याची आधीची कंपनी रातोरात गाशा गुंडाळून परराज्यात गेली, तेव्हापासून तो घरी बसलेला. जगदीशनेच त्याची मुलाखत घेतली होती आणि जेवताना मला म्हणाला होता, "पोरगं हिरा आहे. हा मिळाला तर मला रात्री झोप तरी मिळेल." म्हणजे बाकी सगळं ठरलेलं होतं. अडकलं होतं ते आमच्या चहापाण्यावर.

पाथर्डी फाट्याजवळ त्यांचा फ्लॅट. दार केदारनेच उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात घरातसुद्धा मोजे. त्याची बायको स्नेहल काळी साडी नेसून मागे उभी. घरभर फिनाईलचा वास. इतका, की दवाखान्यात आल्यासारखं वाटलं.

"आम्ही काही इंटरव्ह्यूला नाही आलो हं," दादा सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाले. "तिळगूळ द्यायला आलोय. घरच्यासारखं बोला."

मग सुरू झालं. रविवारी काय करता? रात्री दोनला मशीन बंद पडलं तर फोन कोण उचलतं, तुम्ही की सायलेंटवर असतो? केदार पटापट उत्तरं देत होता. पाठ केलेली कळत होती. मग दादा स्नेहलकडे वळले.

"ताई, तुम्ही काय करता?"

"बालवाडीत शिकवते."

"वा. म्हणजे दुपारी घरी. हा उशिरा आला, दोन-दोन दिवस आला नाही, तर तुमची कुरकुर नाही ना?"

"नाही सर."

"दादा म्हणा. आणि मूलबाळ?"

ती केदारकडे बघायला लागली. मी जगदीशकडे बघितलं. तो टीपॉयवरचा पेपर सरळ करत होता.

"अजून विचार नाही केला," केदार म्हणाला.

"छान. घाई नको. पहिली दोन-तीन वर्षं परिवाराला द्यायची, मग घरचा परिवार." दादा हसले. बाकी सगळे हसले म्हणून मीही दात दाखवले आणि मला माझीच शिसारी आली.

मला माझे दाखवण्याचे कार्यक्रम आठवले. कांदेपोह्यांची बशी घेऊन बाहेर यायचं, चालून दाखवायचं, गाता येतं का सांगायचं. पण तिथे निदान मुलगाही समोर बसलेला असायचा, आपणही त्याला बघू शकायचो आणि नाक मुरडून नाही म्हणू शकायचो. इथे एका परक्या माणसाने परक्याच्या बायकोला मुलं कधी होऊ द्यायची ते सांगितलं आणि ती "चहात साखर किती?" विचारत होती.

"आई-वडील कुठे असतात?" दादांनी विचारलं.

"आई लहानपणीच गेली," केदार म्हणाला. "वडील गावी असतात. सटाण्याकडे. भावाजवळ."

स्नेहलच्या हातातली बशी ट्रेला लागून वाजली.

दादांनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. उठा आता, असं. तिळगुळाचा डबा हातात तसाच घेऊन मी उठले. खोटं कशाला बोलू, मला तिथून उठायचंच होतं. त्या खोलीत श्वास घ्यायला नको वाटत होता.

"मला जरा पाणी..." मी म्हटलं, आणि स्नेहल ताडकन उभी राहिली.

"मी आणते ना. तुम्ही बसा."

"अहो बसा तुम्ही, मी घेते," मी म्हणून गेले. शिकवलेलं वाक्य इतकं सहज तोंडातून निघालं की जीभ हासडून टाकावीशी वाटली.

ती माझ्या मागोमाग धावतच आली. ओट्यावर एका वाटीत कालवलेला वरणभात होता, अगदी मऊ, लहान मुलाला भरवतात तसा, त्यात चमचा. घरात लहान मूल नव्हतं. स्नेहलने वाटी चटकन ताटलीखाली झाकली. स्वयंपाकघराच्या मागे कपडे वाळत घालायची बाल्कनी होती. तिच्या दारावर आतून जाड चादर लावलेली. स्नेहल पाठीने ती चादर अडवून उभी राहिली.

मी फ्रीजही उघडला नाही, काही नाही. माठातलं पाणी घेतलं. आणि चादरीमागे कुणीतरी खोकलं. खोकलं म्हणजे, खोकला आत दाबला. तोंडावर काहीतरी धरून.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"मॅडम," ती म्हणाली.

मी तिला बाजूला सारलं नाही. ती आपणच सरकली. वॉशिंग मशीन आणि गॅसचा रिकामा सिलिंडर, त्यांच्या मधल्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, आणि बाल्कनीत दुपारचं ऊन मी म्हणत होतं. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला, उजव्या हाताने तोंडावर टॉवेल दाबलेला. मला बघून त्यांनी टॉवेल काढला आणि उठायचा प्रयत्न केला.

"बसा, बसा ना काका."

"मी उद्या जाणारच आहे गावाला," ते म्हणाले. शब्द जरा अडखळत येत होते. "इथे राहत नाही मी. सहज आलो होतो. साहेबांना सांगू नका."

"मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला," स्नेहल कुजबुजली. "पण आता स्वतःचं बरंच करतात. भाऊबिऊ कुणी नाहीये, मॅडम. एकटाच आहे हा. आम्ही कुणाकडे ठेवणार होतो? शेजाऱ्यांना विचारलं, ते लग्नाला गेलेत. दुसरीकडून कुठून बोलावणंच येत नाहीये याला. प्लीज."

मी डब्यातली तिळगुळाची एक वडी काढून काकांच्या हातावर ठेवली. 'घ्या' इतकंच म्हटलं. त्यापुढचे दोन शब्द म्हणायचा धीर झाला नाही. मला रडायला नाही आलं, मला संताप आला होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाच्या घरात, एका माणसाला खोकायचीसुद्धा चोरी, कशासाठी? तर दिवाणखान्यात एक धटिंगण चहा पितोय म्हणून.

"मी फ्रीज बघायला आले होते," मी स्नेहलला म्हटलं. "फ्रीज छान आहे. यांना आत घ्या लवकर, ऊन लागेल."

मी वळले तर स्वयंपाकघराच्या दारात जगदीश उभा. हात धुवायला आला होता, तिळगुळाने चिकट झालेले. बोटं पसरून तसाच उभा राहिला. त्याने बाल्कनीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि मग नळ सोडून शांतपणे हात धुतले. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, बरं झालं हाच आला. जगात दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी याला कळेल.

बाहेर येऊन मी स्नेहलला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. स्टीलचा डबा, झाकणावर परिवाराचा लोगो कोरलेला. दादांनी केदारच्या पाठीवर थाप मारली. "भेटूच लवकर." केदारच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की मला तिथे उभं राहवेना.

गाडी सोसायटीच्या बाहेर पडली.

"बोला वहिनी," दादा म्हणाले. "काय काय दिसलं?"

"घर स्वच्छ आहे. माणसं चांगली आहेत. बाकी काही नाही."

"फ्रीज?"

"दूध, भाजी. फ्रीजमध्ये असतं ते."

"जगदीश, तुझं काय मत?"

वळण आलं, जगदीशने इंडिकेटर दिला, गाडी हायवेला घेतली. मी आपली बाहेर बघत होते. आणि मग अगदी मीटिंगमध्ये बोलावं तशा आवाजात तो म्हणाला, "दादा, स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत वडील आहेत. अर्धांगाची केस. आपण येणार म्हणून लपवून ठेवले होते."

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

"जगदीश," मी म्हटलं. "तू हे बोललास?"

"वैजू, आपण नंतर बोलू."

"नंतर नाही, आत्ता. तुला लाज आहे का थोडी? दुसरं कुणी बोललं असतं तर मी समजू शकले असते. तू?"

"वैजू, प्लीज."

पण माझं डोकं आता ताळ्यावर नव्हतं. ते राहावं अशी इच्छाही नव्हती. "दादा, तुम्ही आमच्याकडे राऊंडला आला होतात, आठवतंय? आई-वडील कुठे विचारलंत, तेव्हा यानं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून सांगितलं, दोघंही गेले. फोटोत एकटे याचे बाबा होते. याची आई आहे. जिवंत आहे. घरात ओल आलीये, रंगकाम काढायचंय असं सांगून तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी यानं तिला जळगावला तिच्या बहिणीकडे सोडलं. आणि परत आणलंच नाही, कारण तुम्ही कधीही चहाला येता. मी भांडले, आठवडाभर भांडले, मग मलाही सांगितलं की नोकरी पक्की होईपर्यंतच. नोकरी पक्की होऊन किती काळ लोटला. तिला वाटतंय आमच्या घराला अजून ओल आहे."

दादांनी मान वळवून जगदीशकडे बघितलं.

"काय रे? वहिनी काय म्हणतायत?"

मला वाटलं, आता हा मोकळा होईल. सुटेल एकदाचा. मी खरंच त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले होते.

"दादा," जगदीश म्हणाला, "आई गेली त्याचा हिने फार धसका घेतलाय. दोघींचं खूप जमायचं. मधूनमधून अशी बोलते. डॉक्टरांना दाखवतोय मी."

आयुष्यात मला खूप गोष्टींची किळस आली आहे. उंदीर, तुंबलेलं गटार, लोकांचं खोटं रडणं. पण आपल्या शेजारी रोज झोपणाऱ्या माणसाची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या हायवेवर कळलं. मी पर्समधून फोन काढला, आईंचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हॅलो, वैजू? अगं आज दुपारचीच कशी काय? शिकवणी नाही वाटतं?"

जगदीशचा पाय ब्रेकवर गेला. मागून एका ट्रकने हॉर्न मारला. मला वाटलं, आता दादा चिडणार, गाडी थांबवायला लावणार. दादांनी हात मागे करून माझ्या हातातला फोन अलगद घेतला.

"नमस्कार, आई. जगदीशच्या कंपनीतून बोलतोय. डोळा काय म्हणतो? डाव्याचं ऑपरेशन झालं ना दिवाळीनंतर?"

"अगोबाई, हो. दिसतं आता चांगलं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कळतं हो आम्हाला."

"जगू बरा आहे ना? फोन करत नाही. कामात असेल. आहे का तिथे? द्या ना जरा."

दादांनी फोन जगदीशच्या पुढ्यात धरला. समोरच धरला, कानापासून वीतभर अंतरावर. जगदीशने रस्त्यावरची नजर काढली नाही. त्याने मान हलवली. नाही.

"गाडी चालवतोय तो, आई. करेल नंतर," दादा म्हणाले आणि फोन बंद करून माझ्याकडे दिला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"वहिनी, कुणाच्या घरात कोण राहतं हे कळायला आजकाल तिथे जावं लागत नाही. माणसं लावली की चार दिवसांत सगळं हातात येतं. खैरनारच्या वडिलांचंही माहीत होतं मला."

"मग हे कशाला? हा तिळगूळ, हे वाण, मला कशाला नेलंत तिथे?"

दादांनी माझ्या डब्यातली एक वडी मागून घेतली आणि तोंडात टाकली. "घरात कोण आहे ते बघायला आम्ही जात नाही. आजारी माणसं काय, सगळ्यांकडे असतात. आपण येणार म्हटल्यावर माणूस त्यांचं काय करतो, ते बघायला जातो. डिग्री काय कुणाकडेही असते. परिवारासाठी तो काय बाजूला काढून ठेवतो, तेवढं बघायचं. खैरनारने बापाला बाल्कनीपर्यंत नेलं. त्याच्या पुढे त्याचा पाय निघाला नाही. उद्या रात्री मशीन बंद पडलं आणि घरी बाप पडला, तर हा घरी जाणार. चांगला मुलगा आहे. आपल्याला नाही चालायचा."

"त्याला कधी कळवू?" जगदीशने विचारलं. आवाज अगदी कामाचा.

"कळवायचं कशाला? नाही कळवलं की कळतं आपोआप."

केदार फोन हातात घेऊन बसणार होता. उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात. बायको म्हणणार होती, दादा पाठीवर थाप मारून गेलेत, येईल फोन. काका म्हणणार होते, माझ्यामुळेच. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं आणि पुढे बसलेली दोन माणसं दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टबद्दल बोलायला लागली होती.

मग दादा थांबले. त्यांनी जगदीशच्या मांडीवर हात ठेवला.

"तू मात्र कमाल केलीस आज. सख्खी बायको समोर बसलीये, तरी हलला नाहीस. मी उगाच घाबरत होतो तुझ्याबद्दल. एप्रिलपासून पुण्याचा प्लांटही तूच बघ."

मी गाडीच्या आरशात जगदीशकडे बघितलं. त्याने मान खाली घातली असती, रडला असता, माझ्यावर ओरडला असता, तरी कदाचित मी त्याच्याजवळ राहिले असते. माणूस घाबरट असतो हे मला कळतं. पण त्याचे खांदे सैल पडले होते. घरी कधी नव्हता इतका तो मोकळा दिसत होता.

"थँक यू, दादा," तो म्हणाला.

द्वारका सर्कलला सिग्नल लागला. मी दार उघडून खाली उतरले, समोर दिसली ती रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला म्हटलं, बस स्टँडला घ्या, जळगावची गाडी पकडायचीये.